सगळ्या स्केल्स येतात, तरी लाइन का बनत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आठ वर्षं गिटारवर रॉक आणि ब्लूज वाजवलंत, गेल्या दीड वर्षापासून जॅझकडे वळलात. सातही मोड (एकाच स्केलची सात रूपं) सगळ्या पोझिशन्समध्ये बोटांत बसलेत, आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) येतात, चाळीसेक लिक्स (तयार छोटे तुकडे) पाठ आहेत. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) सुरू झाला की हातून स्केल वर-खाली धावल्यासारखंच वाजतं आणि मधेच एखादा लिक ठिगळासारखा दिसतो. आता पुढे अल्टर्ड स्केल शिकू की डिमिनिश्ड, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता हेही विचारलंय की लिक्स पाठ करणं ही एक प्रकारची फसवणूक तर नाही ना.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: सध्या दोन्ही नको. तुमच्याकडे सूर कमी नाहीत, ते कुठे पोचायचेत हे ठरलेलं नाही. बोलताना आपण वाक्य सुरू करतो तेव्हा शेवटचं क्रियापद साधारण डोक्यात असतं, म्हणून मधले शब्द नीट रांगेत येतात. क्रियापदच ठरलं नसेल तर माणूस 'म्हणजे, ते, आपलं' करत राहतो. तुमचा सोलो सध्या 'म्हणजे, ते, आपलं' म्हणतोय. जॅझमधली लाइन, म्हणजे सोलोतलं सुरांचं वाक्य, शेवटाकडून बांधायची असते: आधी मुक्काम, मग वाट. स्केल हा वाटेवरचा मालमसाला आहे आणि तुम्ही दीड वर्ष तोच गोळा करत बसलात. यात तुमचा दोष नाही, बहुतेक ठिकाणी शिकवतातच तसं.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते सांगतो, कारण माझं म्हणणं सगळीकडे लागू नाही. तुम्हाला बीबॉप आणि त्याच्या आसपासचं, म्हणजे भराभर कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) बदलणारं संगीत आवडतं असं तुमच्या लिहिण्यावरून धरून चाललोय. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९५९ च्या सुमारास जे मोडल संगीत केलं, त्यात एकच कॉर्ड आठ-आठ, सोळा-सोळा बार (इथे चार बीट्सचा एक बार) चालते. तिथे मुक्काम गाठण्यापेक्षा एखादा छोटा तुकडा घेऊन तो फिरवत नेणं जास्त महत्त्वाचं ठरतं. तुमचा ओढा तिकडे असेल तर पुढच्यातलं अर्धंच घ्या. दुसरी गोष्ट कानाची. एखादी कॉर्ड वाजवून तिचा तिसरा सूर (मूळ सुरापासून मोजून तिसरा) तुम्हाला गाता येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर वेळ दुप्पट लागेल, पण रस्ता हाच.

राग ऐकून वाढलेल्या माणसाला इथे सुरुवातीला एक गोष्ट बुचकळ्यात टाकते, मलाही टाकलं होतं. रागात तानपुऱ्याचा षड्ज शेवटपर्यंत हलत नाही, प्रत्येक सुराचं नातं त्या एकाशीच. इथे दर बारला, कधी दर दोन बीट्सना, पायाखालची जमीन सरकते. तोच एफ हा सूर डी मायनर कॉर्डवर तिसरा असतो, जी सेव्हनवर सातवा होतो आणि सी मेजरवर चौथा. त्या चौथ्यावर थांबलात तर टोचतो. तिन्ही कॉर्ड्सचे सूर एकाच सी मेजर स्केलमध्ये बसतात म्हणून आपण तीच स्केल तिन्हीवर वाजवतो. चुकीचा सूर एकही लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला काहीही घडल्यासारखं वाटत नाही. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

गिटार हातात घ्या आणि हे करून बघा. डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एफ, जी तारेच्या पाचव्या फ्रेटवर सी. दोन्ही एकत्र छेडा. हा डी मायनर सेव्हनचा गाभा: तिसरा सूर आणि सातवा सूर. आता जी तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घ्या. सीचा बी झाला, एफ जागच्या जागी. ही जी सेव्हन. आता डी तारेवरचं बोट एक फ्रेट मागे. एफचा ई झाला, बी तसाच. ही सी मेजर सेव्हन. म्हणजे अख्खं टू-फाइव्ह-वन (स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड्स, एकापुढे एक) दोन बोटांच्या दोन छोट्या हालचालींत उरकलं. मूळ सूर वाजवलेच नाहीत, तरी कॉर्ड बदलल्याचं स्पष्ट ऐकू आलं. ऐकणाऱ्याच्या कानाला बदल कळतो तो या अर्ध्या सुराच्या सरकण्यातून: सी खाली येऊन बी, एफ खाली येऊन ई. हे तुमचे मुक्काम.

पहिला आठवडा फक्त एवढंच. याच तीन कॉर्ड्सचा ट्रॅक लावा (पहिला बार डी मायनर, दुसरा जी सेव्हन, तिसरा सी मेजर) आणि दर बारच्या पहिल्या बीटवर एकच सूर वाजवा, एफ, एफ, ई किंवा सी, बी, बी. मग एफ, बी, ई असं उड्या मारत. वाजवण्याआधी गा. आवाज कसाही असू दे, दार लावून घ्या. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, एवढं शिकल्यावर दर बारला एक सूर! पण ज्यांनी हे मनापासून केलं, त्यांचा सोलो दोन-तीन आठवड्यांत ओळखू येईनासा झाला. ज्यांनी 'हे येतं मला' म्हणून उडवलं, ते पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन परत आले.

पुढची गोष्ट बीटची, आणि माझ्या मते ती सुरांपेक्षा मोठी आहे. जी सेव्हनवर जी पासून खाली उतरती स्केल वाजवा, दर बीटला दोन सूर: जी, एफ, ई, डी, सी, बी, ए, जी. आता फक्त बीटवर पडलेले सूर बघा: जी, ई, सी, ए. हे जी सेव्हनचे सूर आहेत का? जी सोडला तर नाहीत. तुम्ही वाजवलीत जी सेव्हनची स्केल आणि कानाला ऐकवलात ए मायनर सेव्हन. आता त्यातच एक बाहेरचा सूर घाला, एफ शार्प (शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा खाली): जी, एफ शार्प, एफ, ई, डी, सी, बी, ए. बीटवर आले जी, एफ, डी, बी. अख्खी जी सेव्हन. सूर 'चुकीचा' घातला आणि लाइन बरोबर झाली! याला पुढे बीबॉप स्केल असं नाव पडलं, पण नावात अडकू नका. कॉर्डचा सूर बीटवर, बाकीचे बीटच्या मधे, एवढं साधायला हा एक सूर जास्तीचा घालावा लागतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मला हेच सापडेल अशी माझी खात्री आहे: सूर सगळे बरोबर, जागा सगळ्या चुकलेल्या.

आता मुक्कामाकडून मागे येऊ. तिसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर ई हवाय. त्याच्या तोंडाशी कसं यायचं? वरून अर्धा सूर, एफ. खालून अर्धा सूर, डी शार्प. दोन्ही लावा: एफ, डी शार्प, ई. दोन्ही बाजूंनी घेरून मधे उतरायचं. रागदारी ऐकणाऱ्याला ही ओढ ओळखीची वाटेल, समेवर येण्याआधीची. आता आणखी मागे. दुसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर बी हवाय, त्याच्या आधी अर्धा सूर वरचा सी ठेवू. डी मायनरवर तो सातवा सूर असल्यामुळे आयताच मिळाला. मधली जागा भरली की असं काहीसं बनतं:

पहिला बार: डी, ई, एफ, जी, ए, एफ, डी, सी.
दुसरा बार: बी, डी, एफ, ए फ्लॅट, जी, ए, एफ, डी शार्प.
तिसरा बार: ई.

हळू वाजवा, आठवडाभर वाजवा. पहिल्या बारमध्ये बीटवर डी, एफ, ए, डी आले, सगळे कॉर्डचे. दुसऱ्यात बी, एफ, जी, एफ, तेही कॉर्डचेच. सोळा सुरांत स्केलबाहेरचे दोनच आहेत, ए फ्लॅट आणि डी शार्प. दोन्ही बीटच्या मधे आहेत आणि दोन्ही पुढच्याच सुरात अर्ध्या सुराने विरघळतात. दिशाही बघा: चढली, उतरली, पुन्हा चढली, घुटमळली आणि बसली. सलग स्केल वर जाऊन सलग खाली आली असती तर ती लाइन न होता शिडी झाली असती. ही लाइन काही फार थोर नाही, चारचौघींसारखी आहे. पण तिची प्रत्येक पायरी का आहे ते तुम्हाला सांगता येतं, आणि तुमच्या चाळीस लिक्सबद्दल बहुतेक ते सांगता येत नाही.

आता हीच लाइन कागदावर ठेवून तुमची स्वतःची दुसरी लिहा. मग तिसरी. हो, लिहा. पेन्सिल घेऊन. उत्स्फूर्त वादन शिकायला लिहायचं काय, असं वाटेल, पण कागदावर तुम्ही तेच निर्णय घेता जे पुढे वाजवताना घ्यायचेत, फक्त विचाराला वेळ मिळतो. मुक्काम आधी लिहायचे, कागदाच्या उजव्या बाजूपासून डावीकडे यायचं. मी स्वतः एका हिवाळ्यात रोज दोन लाइन्स लिहिल्या. त्यातल्या निम्म्या वाजवल्यावर भयानक निघाल्या. पण वसंतापर्यंत हात न लिहिताच तशा लाइन्स काढू लागला होता, आणि हे नेमकं कधी सुरू झालं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

गिटारवाल्यांची म्हणून खास दोन दुखणी आहेत, त्याबद्दल बोलायलाच हवं. पहिलं, आपल्याला श्वास घ्यावा लागत नाही. सॅक्सोफोनवाल्याचा दम संपतो, त्याचं वाक्य आपोआप तुटतं. आपली प्लेक्ट्रम (तार छेडायचं पातं) चालूच राहते. माझ्या सुरुवातीच्या काळातला एका जॅमचा किस्सा आहे. त्याचं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. बत्तीस बारचे दोन कोरस (ट्यूनच्या दोन फेऱ्या) मी वाजवले होते आणि त्यात एकही जागा रिकामी नव्हती. एका ठिकाणी बासवाला मुद्दाम दोन बार थांबला होता, काहीतरी घडावं म्हणून. मी त्याच्यावरून तसाच धडधडत निघून गेलो होतो, आणि तो थांबला होता हे मला घरी कळलं. तेव्हापासून मी सराव करताना वाक्य वाजवताना श्वास सोडतो आणि घ्यायचा झाला की थांबतो. वेडगळ दिसतं, पण काम करतं. गिटारवादक जिम हॉल ऐका. गिटारवर गप्प राहणं किती बोलकं असू शकतं ते तिथे कळेल.

दुसरं दुखणं आकारांचं. एका तारेवर तीन सूर अशा साच्यांत स्केल शिकलं की बोटं साच्याच्या कडेपर्यंत जातात आणि तिथून वळतात. वळण कुठे घ्यायचं हे कानाऐवजी साचा ठरवतो. गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ मधल्या आगीत जायबंदी झाली होती. सोलोचा बहुतेक भार तो उरलेल्या दोन बोटांवर पेलायचा. आपले साचे त्याच्या हाताला परवडणारेच नव्हते, त्यामुळे तो तारेच्या कडेने सरकत वाजवायचा आणि त्याच्या लाइन्सही तशाच सरकतात. यातून एक सराव घ्या: वरची लाइन फक्त दोन तारांवर वाजवा. मग नव्या पोझिशनमध्ये. बोटं अडखळतील तिथे कान जागा होतो.

लयीबद्दल थोडक्यात. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर धरा. मेट्रोनोम ५० वर लावला की तुमची लय १०० ची झाली. सुरुवातीला ठोका घसरून पहिल्या-तिसऱ्यावर जाईल, सगळ्यांचा जातो. स्विंग (बीटमधला पहिला सूर लांब, दुसरा आखूड) म्हणून लंगडत वाजवू नका. लय वाढते तसे हे दोन सूर जवळजवळ समान होत जातात. लाइन दर वेळी पहिल्या बीटवर सुरू करायची सवय असेल तर ती मोडा, अर्धा बीट उशिरा सुरू करा. आणि बीटच्या मधला सूर प्लेक्ट्रमने काढून बीटवरचा सूर हॅमर, पुल किंवा स्लाइडने, म्हणजे नुसत्या डाव्या हाताच्या बोटाने, घेऊन बघा. सॅक्सवाले जिभेने साधारण हेच करतात, आणि गिटारची टाइपरायटरसारखी टकटक यानेच जाते. प्रत्येक सुराला प्लेक्ट्रम मारणारे मोठे वादकही आहेत, त्यामुळे हा नियम समजू नका. तुमच्यासारख्या रॉकमधून आलेल्याच्या हाताला हे लवकर जमतं म्हणून सुचवतोय.

आता लिक्स आणि फसवणूक. गिटारवादक वेस माँटगोमेरीचं उदाहरण पुरेसं आहे. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आलेल्या गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्याने रेकॉर्डवरून कानाने उचलले, जसेच्या तसे. सुरुवातीला त्याला काम मिळालं तेही तेच सोलो वाजवण्याचं. पुढे अंगठ्याने वाजवणारा, ऑक्टेव्ह्जचा (एकच सूर दोन सप्तकांत एकत्र) तो वेस झाला, पण आधी त्याने पाठांतर केलं, तेही दुसऱ्याचं. तेव्हा पाठ करणं फसवणूक नाही. मात्र तुमच्या पद्धतीत एक गडबड आहे: चाळीस लिक्स तुम्ही टॅबवरून (तार आणि फ्रेटचे आकडे लिहिलेल्या कागदावरून) घेतलेत असं लिहिलंय. टॅब बोटांना सांगते कुठे जायचं, कानाला काही सांगत नाही. चाळीसातले चार ठेवा. त्या चारांचं शेपूट बघा, शेवटचा सूर कुठल्या कॉर्डचा कितवा आहे आणि कितव्या बीटवर पडतो. शेपूट तसंच ठेवून डोकं बदला. मग डोकं ठेवून शेपूट दुसऱ्या मुक्कामावर न्या. चार वेगवेगळ्या पट्ट्यांत हे केलंत की लिक तुमचा झाला, आणि ठिगळ दिसायचं थांबेल. ठिगळ दिसतं ते लिकच्या आधीच्या दोन सुरांमुळे. लिक जिथे सुरू होतो तिथपर्यंत तुम्ही चालत न जाता उडी मारता.

त्यासोबत एक सोलो स्वतः कानाने उतरवा. अख्खा नको, आठ बार बस झाले. चार्ली ख्रिश्चन घ्या. वेग आटोक्यात आहे, वाक्यं स्वच्छ आहेत, आणि आज ऐकताना साधा वाटला तरी बीटवर काय ठेवायचं याची त्याची निवड बघून तुम्ही थक्क व्हाल. आधी गाता आलं पाहिजे, मग गिटार. आठ बारना तीन आठवडे लागले तरी लागू देत.

रोजच्या तासाचं विचाराल तर मी असा घालवीन: पंधरा मिनिटं फक्त मुक्कामाचे सूर, गात-वाजवत, वीस मिनिटं लिहिलेल्या लाइन्स आणि त्यांची फिरवाफिरव, वीस मिनिटं कानाने उतरवणं, उरलेल्या पाचांत ट्रॅकवर मोकळं वाजवायचं आणि ते फोनवर रेकॉर्ड करायचं. हे सगळं एकाच ट्यूनवर, दोन महिने. दर आठवड्याला नवी ट्यून घेणाऱ्यांना कॉर्ड्स आठवण्यातच सोलो संपतो. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. त्याच दिवशी आपण काय वाजवायचं होतं ते ऐकतो.

राहिली अल्टर्ड स्केल. जी सेव्हनवर तिचे सूर जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ. वरच्या लाइनमधला ए फ्लॅट आणि डी शार्प, म्हणजेच ई फ्लॅट, तिथलेच आहेत. तुम्ही ती स्केल न शिकता तिच्यातले दोन तिखट सूर वाजवलेत, आणि ते कुठे विरघळतात हेही तुम्हाला माहीत आहे. उरले बी फ्लॅट आणि डी फ्लॅट. आधी बी फ्लॅट घ्या. दुसरा बार असा करा: बी, डी, एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट, ए फ्लॅट, एफ, डी शार्प, आणि मग ई. इथे बी फ्लॅट थेट तिसऱ्या बीटवर बसलाय, मघाशी सांगितलेला नियम मोडून. ई जागेवर आला तर चालून जातं, चुकला तर सगळा बार फसल्यासारखा वाटतो. दोन्ही करून रेकॉर्ड करा. हे कानाला पटलं की मग डी फ्लॅट.